झेंड्यावरची फिकट जागा

उल्का कारखानीस भित्री होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बाईला आम्ही उगाच शूर करून ठेवलं, असं नंतर कोणी म्हणायला नको. सिंगापुरात चोआ चू कांगच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चार वर्षं काढूनही खिडकीबाहेर बांबूवर कपडे वाळत घालताना तिचा जीव मुठीत असायचा. चादर सुटून कोणाच्या डोक्यावर पडली तर? एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बसली की दंडाच्या भीतीने ती पाण्याची बाटलीसुद्धा पर्समधून बाहेर काढायची नाही. आणि कुठलाही गणवेश दिसला, अगदी पोस्टमनचा का असेना, की आधी पास जागेवर आहे ना ते चाचपून बघायची.

पास म्हणजे डिपेंडंट पास. नवरा प्रबोध तुआसच्या एका जहाजदुरुस्ती कंपनीत मरीन इंजिनिअर होता, आणि त्याच्या एम्प्लॉयमेंट पासच्या शेपटाला उल्का आणि मुलगी ऋचा बांधलेल्या होत्या. त्याचा पास संपला की तिघांचं चंबूगबाळं आवरायचं. साल शहाण्णव, आणि पास डिसेंबरअखेर संपत होता. मुदतवाढीचा अर्ज कंपनीने करायचा, त्यावर सही प्रबोधच्या अमेरिकन साहेबाने, मिस्टर हॉलिसने करायची. ऋचाची सहावीची मोठी परीक्षा नुकतीच झाली होती आणि जानेवारीत तिला सेकंडरी शाळेत जायचं होतं. त्यामुळे ऑक्टोबर लागल्यापासून उल्का रोज संध्याकाळी प्रबोधला एकच विचारायची, "अहो, साहेबांनी सही केली का?" आणि प्रबोध बूट काढता काढता म्हणायचा, "करतील गं. तो माणूस कागद कधी हातावेगळे करतो ते त्याचं त्यालाच माहीत."

आता या प्रबोधला एक खोड होती. त्याला बायकोची बढाई मारायला आवडायचं. बायकोची हुशारी तिच्या तोंडावर कबूल करायची नाही, पण ऑफिसात मात्र सांगत सुटायचं. लग्नाआधी उल्का परळच्या एका कापड गिरणीत प्रयोगशाळेत होती. रंगाच्या छटा जुळवणं हे तिचं काम. गिऱ्हाइकाने धाग्याएवढा तुकडा पाठवला तरी त्यात कुठला रंग किती टक्के, हे ती चिठ्ठीवर लिहून द्यायची आणि खाली रंगखात्यात कामगार त्या चिठ्ठीप्रमाणे माल रंगवायचे. "माझ्या मिसेसला कुठलंही विटलेलं कापड दाखवा," प्रबोधने एकदा हॉलिसला सांगितलं, "मुळात कुठल्या रंगाचं होतं ते ती अचूक सांगते."

भाऊबीजेच्या संध्याकाळी हॉलिस स्वतः गाडी चालवत चोआ चू कांगला आला. सहा फूट उंच, साठीला टेकलेला, हळू बोलणारा माणूस. हातात एक मोठी चपटी पेटी. त्याने चकली मोडून खाल्ली, छान आहे म्हणाला, आणि मग जेवणाच्या टेबलावर पेटी ठेवून झाकण उघडलं. आत पातळ कागदात एक झेंडा होता. झेंडा म्हणायचा म्हणून. दिसायला ते वाळक्या पानाच्या रंगाचं एक जीर्ण फडकं होतं. त्यावर धुरकट आडव्यातिडव्या दोन पट्ट्या आणि पिवळ्या पडलेल्या काही चांदण्या.

अमेरिकेत सव्वाशे वर्षांपूर्वी दक्षिणेकडची राज्यं फुटून निघाली होती, तेव्हाच्या यादवीतला तो एका पलटणीचा झेंडा. हॉलिसचा पणजोबा त्या पलटणीत होता. झेंड्याच्या काठीकडच्या कोपऱ्यात तळहाताएवढा तपकिरी डाग होता. त्याच्याकडे बोट दाखवताना साहेबाचा आवाज आणखी खाली गेला. "हे त्यांचं रक्त," तो म्हणाला. "झेंडा हातात असताना ते पडले."

नाताळला त्याची भावंडं अमेरिकेहून येणार होती. त्यांच्यासाठी झेंडा काचेत बसवून दिवाणखान्यात लावायचा होता, आणि खाली एक कार्ड हवं होतं. मूळ रंग कोणते, कुठली खूण कशासाठी, हे कार्डावर लिहायचं आणि खाली उल्काने सही करायची. "फक्त बघायचं, मिसेस के," जाताना त्याने पांढऱ्या हातमोज्यांची जोडी टेबलावर ठेवली. "धुवायचं नाही, ओलं करायचं नाही. आमच्या घरात याच्याइतकं जपलेलं दुसरं काही नाही."

दार लागल्यावर उल्का नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"अगं, साहेब खूश झाला तर बरंच आहे ना आपल्याला? सही व्हायचीय."

म्हणजे सही आता त्या फडक्यात गुंडाळली गेली. उल्काने पेटी उत्तरेकडच्या खोलीत, ऋचाच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवली आणि दाराला बाहेरून कडी घातली. चार दिवस ऋचा हॉलमध्ये झोपली आणि उल्का तिकडे फिरकलीही नाही. पाचव्या दिवशी सोमवार होता. प्रबोध कामावर गेला, ऋचा सुट्टीतली पुस्तकं बदलायला लायब्ररीत गेली, आणि उल्काने देवाला नमस्कार करून कडी काढली.

छटा बघायची ती उत्तरेच्या उजेडात, हे गिरणीत तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. त्या उजेडात ऊन नसतं, त्यामुळे रंग खोटं बोलत नाही. तिने पडदा सरकवला, हातमोजे चढवले, भिंग घेतलं आणि खाली वाकली. मग मात्र गंमत झाली. भीती कुठल्या कुठे गेली. सोळा वर्षांनी हाताला काम मिळालं होतं. कापड विटलं तरी शिवणीच्या आत दुमडलेली पट्टी विटत नाही, तिथे ऊन पोचतच नाही. उल्काने सुईच्या टोकाने एक शिवण जराशी फाकवली. आत डाळिंबी लाल. म्हणजे पट्ट्यांमागची सगळी जमीन लाल होती. पट्ट्यांच्या दुमडीत नीळ, चांगली दाट, दोनतीनदा बुडवून चढवलेली. पट्ट्यांच्या कडेला आणि चांदण्यांना रंग नव्हताच, साधं पांढरं कापड वयाने पिवळं पडलेलं. चांदण्या अकरा दिसत होत्या, पण आणखी दोन ठिकाणी नुसत्या सुईच्या भोकांची चांदणी होती, कापड गळून गेलेलं. एकूण तेरा. तिने वहीत सगळं लिहून घेतलं.

मग ती डागाकडे वळली. हातमोज्यातून सूत कळेना म्हणून मोजा काढला. डागावरून बोट फिरवलं. मऊ लागला. रक्ताचा डाग वाळला की कडक होतो, बोटाला खरखरतो, आणि हा तर मऊ. मऊ कसा? असा विचार तिच्या डोक्यात चालला असताना तिच्या हाताने काय केलं असेल? साडीच्या दुकानात आपल्या बायका जे करतात तेच. रुमालाचं टोक जिभेला लावलं, ओलं केलं, आणि रंग जातो का बघायला डागावर घासलं. एकदा नाही, तीनदा.

रुमालावर तपकिरी उमटलं. डागाच्या मधोमध आठ आण्याच्या नाण्याएवढी जागा फिकी पडली.

ती तिथेच ऋचाच्या पलंगावर बसली. साहेबाच्या पणजोबाचं रक्त तिने पुसलं होतं, आणि तेही थुंकी लावून. पाणी असतं तरी एक वेळ सांगता आलं असतं. तेवढ्यात बाहेर फोन वाजला. तिने उचलला नाही. तो हॉलिसचाच असणार, आणि त्याला इथपर्यंत दिसलं असणार, असं तिला अगदी खरं वाटलं. फोन वाजून वाजून थांबला.

दुपारी जरा भानावर आल्यावर तिला रुमालाची आठवण झाली. रक्त सव्वाशे वर्षांनी असं रुमालावर येतं का? तिने स्वयंपाकघरात जाऊन रुमालावरच्या डागाच्या एका टोकाला लिंबू पिळलं, दुसऱ्या टोकाला खायच्या सोड्याचं पाणी लावलं. लिंबाकडचं टोक हळूहळू तांबडं झालं. सोड्याकडचं जांभळट. गिरणीतल्या म्हाताऱ्या मास्तरांनी हे तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. जुन्या काळी काळं रेशीम एका लाकडाच्या अर्कात रंगवायचे. तो रंग आंबटाला लाल होतो, खाराला जांभळा. रक्त असले रंग दाखवत नाही. मग तिला आठवलं की काठीकडच्या नेफ्यात काळपट धागे अडकलेले दिसले होते. भिंगातून पाहिलं; फितीचे धागे, रेशमी, हात लावताच तुटणारे. सुटा पडलेला एक धागा लिंबात बुडवला. तोही तांबडा झाला.

म्हणजे कोणीतरी झेंड्याला काळी रेशमी फीत बांधली होती, दुखवट्याची असेल. ती कधीतरी भिजली, तिचा रंग कापडावर उतरला, फीत कुजून गळून गेली आणि डाग राहिला. चार पिढ्या त्या डागाला रक्त म्हणत आल्या.

हे कळल्यावर उल्काची भीती कमी व्हायला हवी होती. ती दुप्पट झाली. सकाळी तिने एका घराण्याचं रक्त पुसलं होतं. दुपारपर्यंत ते रक्तच नाहीसं केलं. हे हॉलिसला सांगायचं कोणी?

सांगायची गरज आहे का, हा विचार मग हळूच आला. तिला छटा जुळवता येत होती. सेरंगून रोडवरच्या भारतीय दुकानातून आणलेला कात घरात होता, चहा होता. दुसऱ्या दिवशी तिने कात आणि चहा उकळून जुन्या मांजरपाटाच्या तुकड्यावर सात नमुने केले आणि खिडकीत वाळवले. पाचवा नमुना हुबेहूब होता. तिने ऋचाचा बारीक ब्रश घेतला, पेटी उघडली, आणि ब्रश बुडवला. आठ आण्याएवढी तर जागा.

"आई, you painting it ah?" शाळेतलं सिंगापुरी इंग्रजी बोलत ऋचा दारात उभी होती. हातात लायब्ररीचं जाडजूड पुस्तक.

उल्का दचकली. ब्रश टेबलावरच्या कागदावर पडला, झेंड्यावर पडला नाही हे नशीब. पोरीने तिचा चेहरा पाहिला आणि मग झेंड्यावरची फिकी जागा पाहिली. बारा वर्षांची असली तरी तिला सगळं एका नजरेत कळलं.

"आई, paint lah. Who will know?"

हे वाक्य उल्काने आधी ऐकलेलं होतं. स्वतःकडूनच, मनातल्या मनात, सोळा वर्षांपूर्वी. गिरणीत निर्यातीचा मरून पॉपलिनचा माल बिघडला होता. चिठ्ठीवर टक्क्यांचा एक आकडा तिने चुकीचा लिहिला होता. माल रंगल्यावर तिच्या ते ध्यानात आलं आणि तिने चिठ्ठी फाडून टाकली. मॅनेजरने सगळ्यांना बोलावून विचारलं, चूक कोणाची? कोणाला कळणार आहे, असं म्हणून उल्का खाली मान घालून उभी राहिली. रंगखात्यातला विश्वास नावाचा कामगार होता, लालबागच्या चाळीत राहणारा, एकोणीस वर्षं नोकरी झालेला. त्याने पाणी जास्त तापवलं असं ठरलं. त्याला काढलं. जाताना तो वर प्रयोगशाळेत आला होता आणि उल्काला म्हणाला होता, "ताई, तुमची चिठ्ठी बरोबरच असणार. माझंच काय चुकलं ते मला कळत नाही." मी बोलले असते तर माझी नोकरी गेली असती, असं उल्का तेव्हापासून स्वतःला सांगत आली होती. घरात वडील आजारी, कमावणारी ती एकटी. तिचा नाइलाज होता.

तिने ब्रश धुऊन ठेवला. ऋचाला रागवायला तिला तोंड नव्हतं. नुसतं विचारलं, "पुस्तकात काय लिहिलंय?"

"About the flag lah. Stars म्हणजे states. Red वगैरे म्हणजे brave, असं त्यांचे लोक म्हणतात." ऋचाने पान उलटलं. "पण त्यांना slaves ठेवायचे होते, म्हणून war. Cotton काढायला. Then they lost."

उल्काने झेंड्याकडे बघितलं. कापूसच होता तो. तो कोणी वेचला असेल हे तिने काल दिवसभर भिंग लावूनही पाहिलं नव्हतं. तिला त्या फडक्याचीच भीती वाटली आणि तिने झाकण लावलं.

संध्याकाळी प्रबोधला सगळं सांगितलं. तो पांढराफटक पडला. "थुंकी? तू साहेबाच्या झेंड्याला थुंकी लावलीस?" मग म्हणाला, "पाचवा नमुना हुबेहूब आहे म्हणतेस ना? मग लाव तो. कार्डावर लाल, निळा, पांढरा लिही, तेरा राज्यं लिही, सही कर आणि विषय मिटव. डिसेंबर जवळ आलाय, उल्का. ऋचाची शाळा आहे."

"मला भीती वाटते," उल्का म्हणाली.

"मग तेच तर सांगतोय."

"सांगायची वाटतेच. पण न सांगायची जास्त वाटते."

प्रबोधला हे कळलं नाही. त्याने मान फिरवली, आणि शनिवारी ऐन वेळी त्याला डॉकमध्ये काम निघालं. तेव्हा उल्का एकटीच पेटी मांडीवर घेऊन टॅक्सीत बसली. बुकित तिमाहच्या हॉलिसच्या बंगल्यापर्यंत ती मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं घोकत होती. फाटकाशी उतरताना त्यातलं एकही आठवेना.

हॉलिसने आधी कार्ड वाचलं. जमीन लाल, पट्ट्या निळ्या, त्यांच्या कडा पांढऱ्या. तेरा चांदण्या, त्यांतल्या दोन गळालेल्या. चांदण्या म्हणजे गुलाम ठेवण्याच्या हक्कासाठी फुटलेली अकरा राज्यं आणि न फुटताही त्यांनी आपली म्हणून मोजलेली दोन. त्या ओळीवर त्याची नजर थांबली. मग त्याने झाकण उघडलं आणि त्याला ती फिकी जागा दिसली.

उल्काने सांगितलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, अडखळत, पण सगळं सांगितलं. बोटाची सवय, रुमाल, लिंबू, सोडा, फितीचे धागे. रुमालही दाखवला. "ते लढाईत पडले नाहीत असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "हा डाग रक्ताचा नाही, एवढंच. आणि तो पुसायला नको होता. ती चूक माझी."

"थुंकी," हॉलिस म्हणाला. तेवढा एकच शब्द. वरचा पंखा फिरत होता. उल्काला वाटलं, आता हा फोन उचलेल, आणि सोमवारपर्यंत आपण विमानात असू.

"मी सात वर्षांचा होतो," तो शेवटी म्हणाला. "वडिलांनी माझा हात या डागावर ठेवून शपथ घ्यायला लावली होती. मी त्या रात्री झोपलो नव्हतो." कसली शपथ ते त्याने सांगितलं नाही. त्याने पेटी बंद केली, उचलली आणि आतल्या खोलीत निघून गेला. मोलकरणीने उल्काला दार उघडून दिलं.

पुढचे तेरा दिवस उल्काने कसे काढले ते विचारू नका. तिने माळ्यावरून बॅगा काढल्या, पुसल्या, परत ठेवल्या. ऋचाचा निकाल चांगला लागला तर ती पोरीला जवळ घेऊन रडली, आणि पोरगी बावरून म्हणाली, "आई, I passed, you know." प्रबोध घरात फार बोलत नव्हता. ऑफिसात हॉलिस त्याच्याशी कामापुरतंच बोलायचा, पण तो तर आधीपासूनच कामापुरतं बोलायचा. सही झाली का, हे उल्काने विचारणं सोडून दिलं होतं.

सहा डिसेंबरला प्रबोध दुपारीच घरी आला. दारातूनच त्याने तीन पासपोर्ट उंच धरले. आणखी दोन वर्षं मिळाली होती. तो हसत होता, त्याने ऋचाला गरकन फिरवलं, आणि मग कंपनीच्या अर्जाची प्रत टेबलावर ठेवून त्यावर बोट आपटलं. "बघ, बघ ही तारीख. साहेबाची सही चार नोव्हेंबरची आहे. झेंडा आपल्या घरी यायच्या नऊ दिवस आधी त्याने सही करून कागद पुढे पाठवला होता. ऑफिसातल्या बाईच्या ड्रॉवरमधून तो सरकारकडे जायला उशीर झाला, बाकी काही नाही. आपण उगाच मेलो भीतीने."

उल्काने प्रत हातात घेतली. तारीख वाचली. पुन्हा वाचली. प्रबोध चहा टाकायला सांगत होता, हिला हसू का येत नाही ते त्याला कळेना.

ती गिरणीतल्या त्या दिवसाकडे बघत होती. इतकी वर्षं ती तो दिवस लांबूनच बघत आली होती, आज पहिल्यांदा जवळून पाहिला. मॅनेजर ओरडलेही नव्हते. चष्मा पुसत त्यांनी नुसतं विचारलं होतं, चूक कोणाची? ते तिला नेहमी पोरी म्हणायचे. वडिलांच्या औषधाची चौकशी करायचे. तिने खरं सांगितलं असतं तर रागावले असते, चार दिवस बोलले नसते, फार तर. नोकरी गेलीच असती असं कोणीही म्हटलं नव्हतं. ते फक्त तिने म्हटलं होतं, स्वतःशी, आणि त्याच्या जोरावर एका माणसाची एकोणीस वर्षं पाण्यात घातली होती. आजवर तिला नाइलाज नावाचं पांघरूण होतं. आता तेही गेलं. तिला कधी नव्हे इतकी भीती वाटली, आणि या वेळी ती साहेबाची नव्हती, पासची नव्हती, गणवेशाची नव्हती.

चहा राहिला. तिने कपाटातून निळं एअरोग्राम काढलं, ऋचाच्या टेबलाशी उत्तरेच्या खिडकीत बसली आणि 'विश्वासभाऊ, माझी चिठ्ठी चुकली होती' एवढं लिहिलं. पुढचं सुचेना.

प्रबोधने मागून वाकून पाहिलं. "हा कोण? आणि इतक्या वर्षांनी त्याचा पत्ता कुठे शोधणार तू?"

उल्काने पत्र उलटलं आणि पाठीमागे चाळीचं नाव, खोलीचा नंबर, गल्ली, लालबाग, मुंबई बारा, असं सगळं एका दमात लिहून काढलं. पत्ता तिला सोळा वर्षं पाठ होता.